सहीचा कागद वेगळा

कुंदा, अशी जवळ ये गो, आणि आधी थोडं ऐकून घे. बाप गेला तुझा, आणि मला साधं कार्ड टाकलंस? ते पोचलं तेरावं उलटून गेल्यावर. देवरुखहून दिवसाला इतक्या एस.ट्या सुटतात, एखाद्या कंडक्टरकडे निरोप दिला असतास तर दुपारच्या आत मला कळलं असतं, मी आले असते. तू कोणत्या अवस्थेत असशील ते मला कळतं, म्हणून फार बोलत नाही. पण टपाल उशिरा पोचलं की माझं काय होतं ते तुझ्या वडलांना ठाऊक होतं. कार्ड आल्यापासून घरात बसवत नाही मला. तांदूळ निवडायला घेते, उठते, खिडकीशी जाते, परत येते. शेवटी म्हटलं, लिहावं. पेपरच्या पुरवणीत छापून येईल, चार लोक वाचतील... वाचू देत.

तुझे वडील, आमचे वामनभावोजी, आमचे शेजारी, मधे फक्त एक दगडी गडगा. कचेरीत निवडणुकीचं काम बघणारे कारकून. लोकांना वाटतं निवडणूक म्हणजे भोंगे आणि रांगा. भावोजींची निवडणूक म्हणजे पाकिटं. आपल्याकडची सैन्यात गेलेली मुलं, त्यांना मतपत्रिका टपालाने जायची आणि मत देऊन टपालानेच परत यायची. माझा सुरेश तेव्हा पार वर, बर्फात होता. आलेल्या पाकिटांतली कितीतरी बाद व्हायची, आणि भावोजी त्यापायी हैराण. मतपत्रिका लहान पाकिटात बंद करायची, मग ते लहान पाकीट आणि घोषणापत्र, म्हणजे मत देणारा तो मीच असा सहीचा कागद, हे दोन्ही मोठ्या पाकिटात घालायचं. मुलं तो कागदसुद्धा लहान पाकिटात कोंबायची. मोठं पाकीट उघडलं की सही कुठे दिसायची नाही, मग लहान पाकीट न उघडताच मत बाद. "वहिनी, इतक्या लांबून आलेलं मत मी हाताने बाजूला ठेवतो, मग घरी येऊन घास उतरत नाही," असं म्हणायचे, आणि गडग्याच्या कडेने येरझाऱ्या घालायचे. तुझी आई आतून ओरडायची, "अहो, जमीन झिजेल."

एकदा संध्याकाळी दोन पाकिटं, मतपत्रिका आणि घोषणापत्र म्हणून दोन कोरे कागद, आणि छापील सूचना घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही शाळेत गेला नाहीत, दुकानाच्या पाट्या वाचून शिकलात. हे वाचा आणि करून दाखवा." मी म्हटलं, "परीक्षा घेता काय माझी?" तर म्हणतात, "तुमची नाही, कागदाची." मी वाचलं, निम्मं कळलं, आणि दोन्ही कागद लहान पाकिटात घालून ते भाताच्या शिताने पक्कं चिकटवून दिलं. भावोजी बघतच राहिले. "असं का केलंत?" अहो, का म्हणजे? सुरेशला देवाचा अंगारा पाठवते तो पत्राच्या घडीतच पाठवते ना. वस्तू आणि ती कोणाची हे सांगणारं पत्र, एकत्रच जातं. आमच्या पोरांना घरून तीच सवय. ते पाटावर बसले आणि कितीतरी वेळ हसले.

छापील सूचनेला हात लावता येत नव्हता. साहेब म्हणाले, "मतदाराला शिकवणं आपलं काम नव्हे." भावोजींनी तरी सोबत जोडायला एक चिठ्ठी सायक्लोस्टाईल करून घेतली आणि मला दाखवायला आणली. मी मोठी शहाणी. म्हटलं, "घोषणापत्र कोणाला कळतंय? 'सहीचा कागद' म्हणा. आणि 'पत्रासारखा आत घालू नका' असं लिहा." त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "बरोबर आहे." सगळा गठ्ठा रद्द केला. नवी स्टेन्सिल, नव्या चिठ्ठ्या, दोन दिवस गेले. मतपत्रिका त्या दोन दिवस कचेरीत पडून.

त्या खेपेला बाद पाकिटं अगदी थोडी निघाली. साहेबांनी पाठ थोपटली म्हणे. आणि सुरेशचं पाकीट आलं मतमोजणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या टपालात. सही होती, सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त दिवस टळला होता. भावोजी स्वतः सांगायला आले, दारातच उभे राहिले. मी त्यांना आत या म्हटलं नाही. म्हटलं, "तुमच्या हौसेपायी माझ्या पोराचं मत गेलं." ते म्हणाले, "चूक माझीच, वहिनी." चप्पल घालून गेले. पुढे कितीतरी दिवस मी गडग्याशी उभी राहिले नाही.

पुढची निवडणूक जाहीरही झाली नव्हती, तेव्हा हातात चिठ्ठी घेऊन आले. "आत्ताच बघून घ्या, वहिनी. मागाहून बदल नको." बास, एवढंच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ते दोन दिवस कोणी खाल्ले. माझ्या एका शब्दाने खाल्ले. आणि या माणसाने ते मला एकदाही ऐकवलं नव्हतं. त्या वर्षी मतपत्रिका छापून आल्या त्याच दिवशी टपालात पडल्या. सुरेशचं पाकीट वेळेत आलं, भावोजींनी गडग्यावरून नुसती मान हलवून सांगितलं. मी चहा दिला. त्याबद्दल बोलले मात्र नाही. आज बोलू, उद्या बोलू... मग ते निवृत्त झाले, तुझी आई गेली, ते तुझ्याकडे राहायला गेले. देवरुख काय लांब आहे? पण माझं जाणं झालं नाही.

ते शिताने चिकटवलेलं लहान पाकीट अजून माझ्या पोह्याच्या डब्यामागे आहे. तेव्हा मी उघडायला गेले तर म्हणाले, "अंहं, बाद पाकीट उघडत नाहीत, ठेवून देतात." ठेवलंय तसंच. हल्ली दिवसातून दोनदा हातात घेते आणि परत ठेवते. तू ये, आणि घेऊन जा ते. मला ते दोन दिवस माझ्यामुळे गेले एवढं कोणाच्या तरी समोर बसून म्हणायचंय, आणि तुझा चेहरा अगदी त्यांच्यासारखा आहे. येणार म्हणून कार्ड टाकू नको गो. सकाळच्या गाडीने तूच ये.