पाठमोऱ्यांचं तोंड

गल्लीत त्यांना पाठमोरे म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण चिकटलं ते असं चिकटलं, की नव्या पोस्टमननं एकदा दारावरची खरी पाटी वाचली आणि हे घर पाठमोऱ्यांचं नव्हेच, असं ठरवून त्यांचं पार्सल परत नेलं.

पाठमोरे सिनेमात होते. म्हणजे त्यांची पाठ सिनेमात होती. नायकाला खिडकीशी उभं राहून झुरायचं असलं, घोड्यावरून लांब निघून जायचं असलं, की नायक सावलीत खुर्ची टाकून चहा पीत बसे आणि त्याचे कपडे अंगावर चढवून पाठमोरे झुरत. तरुणपणी ते घरोघर गॅसचे सिलिंडर पोचवत, डाव्या खांद्यावर घेऊन. एकदा स्टुडिओच्या खानावळीत सिलिंडर उतरवायला वाकले असताना एका कॅमेरावाल्यानं ती पाठ पाहिली. त्यानं त्यांना कोट दिला आणि दारापर्यंत चालत जायला सांगितलं. पाठमोऱ्यांनी विचारलं, "दाराशी गेल्यावर वळून बघू का?"

"अजिबात नको," तो म्हणाला. पुढची सारी उमर त्यांना हेच उत्तर मिळत गेलं.

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. रडायचं झालं तर चेहऱ्याला डोळे असतात, ओठ असतात. पाठमोऱ्यांना सगळं खांद्यांवर भागवावं लागे. रागावलेली पाठ, हरलेली पाठ, खोटं बोलून निघालेली पाठ, असा माल त्यांच्याकडे तयार असे. स्वतःला कलावंत वगैरे मात्र ते म्हणवून घेत नसत. "पाठ भाड्यानं देतो," एवढंच सांगत.

त्यांची बायको तयार कपड्यांच्या दुकानासाठी घरी शिलाई करायची. नवऱ्याचा प्रत्येक सिनेमा ती दुपारच्या खेळाला बघायची आणि अंधारात पुटपुटायची, "हे तुम्ही. हे नाही. हे तुम्ही." ती कधी चुकली नाही. पण तिच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? तिचा भाऊच ठेवत नव्हता. या मेहुण्याचं नळांचं आणि टाइल्सचं दुकान होतं, आणि चार माणसं जमली की त्याच्या जिभेला धार येई. "कुणाचीही पाठ दाखवायची आणि आपली म्हणायची," तो म्हणे. "पाठ काय, मलाही आहे."

यावर पाठमोरे हसत. एकदा मात्र हसले नाहीत. लेकीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलाकडच्यांनी सहज विचारलं, मुलीचे वडील काय करतात? पाठमोरे तोंड उघडणार तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "सिनेमात असतात. पण दिसत नाहीत." सगळे खदखदून हसले. होणारा जावईही हसला. लेकीनं मान खाली घातली ती चहाचे कप उचलेपर्यंत वर केली नाही. लग्न झालं, सगळं नीट झालं, पण ती खाली गेलेली मान पाठमोऱ्यांच्या मनातून जाईना. एकदा तरी पडद्यावर आपलं तोंड दिसावं आणि ते या लोकांनी शेजारी बसून पाहावं, असं त्यांना फार वाटू लागलं. या वयात असलं काही वाटणं शोभत नाही, हेही त्यांना कळत होतं.

अशात एक मोठा सिनेमा आला. म्हातारा सम्राट, त्याची तरुण सम्राज्ञी, आणि तिचं सेनापतीशी जुळलेलं सूत. दरबारभर कुजबुज, मग बोभाटा, मग सगळ्यांचंच वाटोळं. स्टुडिओला माणसं पुरवणाऱ्या मुकादमानं सगळ्यांत आधी पाठमोऱ्यांना बोलावलं. "हौदातला प्रसंग आहे. सम्राज्ञी सेनापतीच्या उघड्या पाठीवर हात फिरवते. आपला नायक व्यायाम करकरून पुढून फुगलाय, पण मागून अजून कॉलेजात आहे. तुमच्याशिवाय आहे कोण?"

पाठमोरे होच म्हणणार होते. पण त्याच वेळी अंगणात एक वाळकी, ताठ मानेची बाई दरबारी माणसांना चालायला शिकवत होती. एके काळची नर्तकी. आता राजेरजवाड्यांच्या सिनेमांत रीतिरिवाज बघायची. "सम्राटाला पाठ दाखवायची नाही," ती बजावत होती. "आत यायचं ते तोंड समोर ठेवून, आणि जायचं तेही तोंड समोर ठेवून. उलट्या पावली."

पाठमोरे तिच्याजवळ गेले. "बाई, कॅमेरा कुठे असणार?"

"सिंहासनाच्या मागे."

"म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसणार?"

"दिसणारच की. तोंड लपवायचं असेल तर पडदे ओढायचं काम घ्या."

पाठमोरे तसेच मुकादमाकडे परतले. "मला हौद नको. दरबारात घाला."

मुकादमाला वाटलं, यांना ऊन लागलं. दोन्ही करता येणार नव्हतं. सेनापती म्हणून हौदात उतरलेला माणूस पुन्हा दरबारात उभा कसा करायचा? "कुणी ओळखलं म्हणजे?" तो म्हणाला.

"पाठ कोण ओळखतं?" पाठमोरे म्हणाले.

"तरी एकच काहीतरी. आणि हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागताय, एवढं लक्षात ठेवा. हौदासाठी मी दुसरा माणूस घेतला, की पुढच्या वेळी आधी त्यालाच हाक मारणार."

पाठमोऱ्यांनी मान डोलावली आणि दरबार घेतला.

घरी त्यांनी स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत उलटं चालायचा सराव सुरू केला. बादली लवंडली, शिलाईच्या कपड्यांचा ढीग कोसळला. बायको म्हणाली, "पुढे बघून चालताना धडकता, तेवढं पुरत नाही का?"

"या वेळी माझं तोंड दिसणार आहे," पाठमोरे म्हणाले.

तिनं कात्री खाली ठेवली. त्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा कात्री उचलली, पण कापलं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती भावाच्या दुकानात जाऊन हे सांगून आली. तिला नळ वगैरे काही घ्यायचा नव्हता.

चित्रीकरणाला त्यांच्या चेहऱ्यावर पांढरी भुकटी थापली, भुवया झाकल्या, हनुवटीखाली लोंबणाऱ्या मिशा चिकटवल्या आणि कपाळ झाकेल अशी उंच टोपी घातली. आरशात बघून पाठमोऱ्यांना स्वतःचा रुबाब आवडला. दुसरं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. प्रसंग असा होता की हेर भर दरबारात सम्राज्ञीचं प्रकरण फोडतो आणि सम्राट सगळ्यांना बाहेर घालवतो. पाठमोरे वाकले, चार पावलं उलटी गेले, आणि जन्माची सवय, गर्रकन वळून चालू लागले.

"दरबारी, तुमची मान गेली," दिग्दर्शक शांतपणे म्हणाला. "पुन्हा घेऊ." मग जवळ येऊन त्यानं सांगितलं, "आणि दचकू नका. दरबारात सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं. आज ते कुणीतरी मोठ्यानं बोललं, एवढंच झालंय."

दुसऱ्या वेळी पाठमोऱ्यांनी नजर हळूच खाली नेली आणि तशीच खाली ठेवून मागे मागे गेले. दिग्दर्शक "छान" म्हणाला. तो कुणाला म्हणाला ते कळलं नाही, पण पाठमोऱ्यांनी ते स्वतःकडे घेतलं. शेवटच्या दिवशी आणखी एक प्रसंग झाला. तो त्यांच्या नेहमीच्याच कामाचा होता, म्हणून घरी त्यांनी त्याची गोष्टही काढली नाही.

सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला सगळे एका रांगेत बसले: मेहुणा, बायको, पाठमोरे, लेक, जावई. हौदाचा प्रसंग आला. वाफ, पाणी, रुंद उघडी पाठ आणि तिच्यावरून फिरणारी सम्राज्ञीची बोटं. मेहुण्यानं खाकरून म्हटलं, "भावोजी, या वयात?"

"हे ते नव्हेत," बायको म्हणाली. थिएटरात सगळीकडे शांतता होती, त्यामुळे ते पुढच्या तीन रांगांना ऐकू गेलं.

मग दरबार भरला. हेर बोलला. कॅमेरा सिंहासनामागून सरकत एकेका चेहऱ्यावर जाऊ लागला, आणि पाठमोऱ्यांचं तोंड दारापेक्षा मोठं होऊन पडद्यावर आलं. नजर खाली गेली. काम चांगलं झालं होतं, ते त्यांना स्वतःलाही दिसलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पुढे झुकून डोळे ताणून बघत होती.

"कुठे आहात?" तिनं विचारलं. "यायचंय का अजून?"

तोवर पडद्यावर दुसरंच तोंड आलं होतं. तेही पांढरं, तेही मिशांचं. लेक जावयाच्या कानात काही म्हणाली आणि दोघं पडद्यावर शोधत राहिली. पाठमोऱ्यांना सांगता आलं असतं, हा बघ, हा गेला तो मी. पण सांगून पटवायचं, तर इतकी वर्षं तेच नव्हतं का चाललं? ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

सिनेमा संपत आला. सम्राज्ञीला महालातून हाकललं. ती अनवाणी निघाली, दोन्ही बाजूंना दरबारी उभे होते, आणि ती जवळ येईल तसा एकेक जण तिच्याकडे पाठ करत गेला. सारखे झगे, सारख्या टोप्या, लांबच लांब रांग. बायकोनं पाठमोऱ्यांचं मनगट घट्ट धरलं.

"हे तुम्ही. उजवीकडे, दुसऱ्या खांबापाशी."

"कशावरून?" मेहुणा म्हणाला. "सगळे सारखेच तर आहेत."

"डावा खांदा उतरलाय. सिलिंडरनं. त्या खांद्याला रोज तेल मी लावते."

जावई पुढे वाकला. "हो की," तो म्हणाला. "बाबाच आहेत." लेक मान वर करून बघत राहिली. मेहुण्यानं आधी पडदा पाहिला, मग बहिणीपलीकडे वाकून भावोजींचा खांदा पाहिला.

बाहेर ऊन होतं. बायको पदरानं डोळे पुसत पाठमोऱ्यांच्या बाजूनं चालत होती. थोडं पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "आणि तोंड?"

पाठमोऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. "कापलं," ते म्हणाले.

"मेल्यांना काय कळतं," ती म्हणाली. "चांगलं तोंड आहे की."