चष्मा काढून बघणाऱ्या मालतीताई

मालतीताई एरवी चष्म्याशिवाय जिना उतरत नसत. पण कोणाचं काम तपासायचं झालं की आधी चष्मा काढायच्या, हातात धरायच्या आणि मगच स्क्रीनकडे बघायच्या.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "ताई, चष्मा घाला न. दिसणार कसं?"

"म्हणूनच तर काढला, भाऊ. आता जे दिसते न, तेवढंच रस्त्यावरच्या माणसाला दिसते."

जबलपूरच्या सदर बाजारात, एका मिठाईच्या दुकानाच्या वर, शनिवार-रविवारी आमचा डिझाइनचा वर्ग भरायचा. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीच्या वयाची; सगळे तिला दीदी म्हणायचे, मीसुद्धा. तिचा नियम एकच: जोडीने शिकायचं, आणि जोडीदार 'ठीक' म्हणाल्याशिवाय काही छापायला द्यायचं नाही. भराभर जोड्या लागल्या. पन्नाशी ओलांडलेला मी आणि साठी ओलांडलेल्या मालतीताई असे दोघंच उरलो, म्हणून जोडीदार झालो. त्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या. उशिरा येणाऱ्या गाड्यांचा फळा त्यांनी वर्षानुवर्षं खडूने लिहिला होता. "सामान घेऊन पळणाऱ्याला वाचता आलं पाहिजे," एवढंच त्यांचं शास्त्र.

मला पाटी करायची होती. वीस वर्षं घरी ब्लाउज शिवणारी माझी बायको सुनीता शहरातच, अधारताल भागात, दुकान उघडत होती, आणि पाटी मीच करणार असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलो होतो. तोवर मला माउसही नीट धरता येत नव्हता, ही गोष्ट वेगळी. पहिल्या पाटीवर मी शिलाई मशीन, कात्री, गुलाब आणि मधोमध पिसारा फुलवलेला मोर बसवला. मालतीताईंनी चष्मा काढला.

"मोर दिसून राहिला. पक्षी विकता काय, भाऊ?"

मोर गेला. पुढच्या शनिवारी गुलाब गेले, मग कात्री. उद्घाटनाला आठवडा उरला तेव्हा पाटीवर 'रॉयल लेडीज टेलर्स', शिलाई मशीन आणि खाली चांगलं ठळक 'संचालक' म्हणून माझं नाव, एवढंच होतं.

"शिवते कोण?"

"बायको."

"मग हे कोण?" त्यांनी माझ्या नावावर बोट ठेवलं. "अन् तिचं नाव काहून नाही?"

"घरचंच दुकान आहे न, ताई. तिचं काय नि माझं काय, एकच."

"अच्छा, एकच! मग तिचंच ठेवा."

मागच्या टेबलावर कोणीतरी खुदकन हसलं. मी तडक घरी आलो. सुनीता साडीला फॉल लावत बसली होती. जरा घुश्शातच विचारलं, "पाटीवर तुझं नाव टाकलं तर?"

तिची सुई थांबली. "माझं? चालेल का?"

दुकान तिचं, आणि परवानगी तीच मागत होती.

दुसऱ्या दिवशी मी माझं नाव स्वतःच्या हाताने पुसलं. दुखलं थोडं, खोटं कशाला सांगू? मग 'रॉयल'ही गेलं. मोठ्या अक्षरात 'सुनीता', खाली 'ब्लाउज, फॉल, पिको'. मालतीताई चष्मा काढून दोन पावलं मागे सरकल्या.

"दिसली," म्हणाल्या. "आता ठीक."

पहिला ब्लाउज त्यांनीच शिवायला टाकला. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. सुनीताच्या वहीत पहिल्या पानावर अजून त्यांचं माप आहे.

आता मलाही चष्मा लागला आहे. ऑफिसातून येताना दुकानाअलीकडच्या वळणावर स्कूटर थांबवून मी तो काढतो. दुकानं, माणसं, रस्ता सगळं पुसट होतं. पिवळ्या पाटीवरचं एक नाव तेवढं राहतं. मग मागून हॉर्न वाजतो.

"अरे भैया, सो गए क्या?"