पालथं फुलपात्र

“आरं ती पेटी टपावर टाक, टपावर! दारूगोळा हाय व्हय तिच्यात, मांडीवर घेऊन बसलायस?”

माझे वडील, आबा, कोयनानगरच्या स्टँडवर ओरडत होते. म्हणजे त्यांच्या हिशेबानं साधं बोलत होते. पंधरा वर्षं पलटणीत काढलेला माणूस. ते हेळवाकात खाकरले की घाटाखाली पोफळीत कोंबडे आरवायचे, असं मी जन्मभर सांगत आलोय आणि मला खोटं पाडायला पोफळीचा एकही माणूस अजून आलेला नाही. कंडक्टरनं दचकून डबल बेल दिली, ड्रायव्हरनं दचकून गाडी काढली, आणि मी पेटी मांडीवर तशीच आवळून बसलो.

पेटीत दारूगोळा नव्हता. दोन शर्ट, एक विजार, शेंगदाण्याची चटणी आणि जुन्या परकराच्या फडक्यात बांधलेलं पितळेचं एक फुलपात्र. आई खिडकीखाली उभी होती. इतरांच्या आया सांगतात तसं जपून राहा, खुशालीचा कागद टाकत जा, यातलं ती काहीच बोलली नाही.

“परत आन,” एवढंच म्हणाली. माझ्याबद्दल नव्हे, फुलपात्राबद्दल.

तुम्ही जे तिथंच राहिलात आणि जे माझ्यासारखे पेट्या घेऊन निघालात, त्या सगळ्यांना मी आजवर बरंच काही सांगितलंय. त्यातलं निम्मं खरं होतं. आज लिहितोय ते राहून गेलेलं.

मी चाललो होतो गुजरातेत, वस्तू घडवायच्या शाळेत. सत्तर सालानंतरचे ते दिवस. प्रॉडक्ट डिझाइन म्हणजे काय, हे गावात कुणालाच कळत नव्हतं. मलाही नव्हतं. आबांनी ‘पोरगं इंजनेर व्हनार’ म्हणून सांगून टाकलं होतं. शंकरमामा म्हणाला, “म्हंजे सुतारच की रं गड्या, पर रेल्वेनं जाऊन झालेला!” शाळेच्या पत्रात लिहिलं होतं, घरातली रोजच्या वापरातली एक वस्तू सोबत आणा, जिच्यातून तुम्हाला काही सुचलं असेल. मी आईकडं ते फुलपात्र मागितलं. तिनं स्वतःच्या हातानं ते फडक्यात बांधलं.

ते शालीचं होतं. माझी धाकटी बहीण. तिच्या बारशाला मामानं दिलेलं, बाजारातल्या माणसाकडून ठोकून ठोकून नाव घातलेलं: ‘कु. शालन’. सदुसष्ट सालचा भूकंप झाला तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मी कराडला बोर्डिंगात. दोन दिवसांनी पोचलो तर घराच्या जागी दगड होते आणि शाली नव्हती. “भिंत आली,” आबा म्हणाले. त्यापुढं कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ढिगाऱ्यातून ते फुलपात्र तेवढं निघालं, कडेला पोचा आलेलं.

त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. दाराशी तांब्या आणि त्यावर ते फुलपात्र पालथं, अशी आईची मांडणी. जमीन तर येता-जाता हलायचीच. आधी ते फुलपात्र तांब्यावर थरथरून वाजायचं, मग पत्रे, मग आबा: “भाईर! भाईर पळा!” आई बाहेर यायची तेव्हा फुलपात्र तिच्या मुठीत असायचं. मला वाटायचं, हाताला लागेल ते घेऊन येते बिचारी.

शाळेत पहिले सहा महिने माझं तोंड उघडलं ते मिटलंच नाही. मुगाएवढा ट्रान्झिस्टर मी तिथं पहिल्यांदा पाहिला. आबांच्या रेडिओत वीतभर जागा खाणारं सगळं त्या मुगात मावत होतं. काचेच्या धाग्यांची खुर्ची पाहिली. प्लॅस्टिक असं की ओताल तो आकार घेईल आणि वर साखरेच्या पाकासारखं चकाकेल. मला तर वाटलं, आता जगात दुःख म्हणून काही शिल्लक राहत नाही, फक्त योग्य तो साचा सापडायला हवा.

मेसमध्ये माझ्या गप्पांना तुफान गर्दी. “आमच्याकडं ताक घुसळायला रवी लागत नाही,” मी ठोकून द्यायचो. “डेरा अंगणात ठेवायचा आणि वाट बघायची. पाळण्याला दोरी नाही. म्हैस पाटणला विकली तर जमीनच सरकून ती संध्याकाळी परत गोठ्यात.” बंगाली पोरं, पंजाबी पोरं, सगळी पोट धरून लोळायची. त्या गोष्टींत शाली कधी नव्हती. तिला घेतलं असतं तर कुणी हसलं नसतं.

आमचे सर मोजकं बोलायचे. ते एकदा म्हणाले, “वस्तूकडं बघू नका. वस्तूकडं जाणारा हात बघा. सुचतं ते तिथून सुचतं.” मी वहीत ते लाल शाईनं लिहून घेतलं, चौकट काढली, आणि वस्तूकडंच बघत बसलो.

कारण मला सुचलं होतं! पालथं फुलपात्र म्हणजे गरिबाची भूकंपाची घंटा. तेच आपण नव्या जमान्याचं करायचं. आत बारीक लंबक, हलला की जोडणारी तार, ट्रान्झिस्टर, दोन सेल, आणि वर केशरी प्लॅस्टिकचं कवच, हुबेहूब त्या फुलपात्राच्या आकाराचं. प्रत्येक घराच्या मेढीच्या खांबाला एक. एकही शाली जाणार नाही. हे शेवटचं मी मनात म्हणालो, प्रदर्शनाच्या फलकावर लिहिलं नाही.

आकार हुबेहूब यायचा तर पत्र्याची जाडी, पोटाचा बाक, सगळं नेमकं मोजायला हवं. ते मोजतात वस्तू उभी कापून. मी फुलपात्र व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरलं. शेजारच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, “कापतोस? घरचं आहे ना?”

“आमच्याकडं असली शंभर आहेत,” मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात लहान थाप. हॅक्सॉचं पातं नावाच्या मधून गेलं. एका तुकड्यावर ‘कु. शा’ राहिलं, दुसऱ्यावर ‘लन’. कापताना ते केवढं किंचाळलं म्हणून सांगू! आणि मी, अहो, मी खूश झालो. केवढा आवाज आहे या धातूत, असं वहीत लिहिलं.

वर्षअखेरच्या प्रदर्शनात केशरी यंत्र मधोमध आणि बाजूला काळ्या मखमलीवर ते दोन तुकडे. लोक थांबून थांबून बघायचे. सर मात्र तुकड्यांकडं बघून पुढं गेले.

दिवाळीला घरी आलो. पेटीत यंत्र, आणि तळाशी त्याच फडक्यात बांधलेले तुकडे. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, “आनलंस?”

“अगं, ते आता काचेच्या कपाटात असतं! मोठमोठे साहेब येतात, बूट काढून आत जातात, हात जोडतात.” मी सुटलोच.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, “धूळ बसत न्हाई न्हवं त्येच्यावर?”

“छे!”

“मग ऱ्हाऊ दे थोडं दिस.”

तिला ते खरं वाटलं. गावात माझी एकही थाप कुणी खरी मानली नव्हती, ही नेमकी तिनं मानली. मी यंत्र मेढीला ठोकलं. आबांनी बोटानं टिचकी मारून बघितली, ते ठणाणलं, आबा दोन पावलं मागं सरले. “आयला! माझ्या वरताण हाय की रं ह्ये!”

तिसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, जमीन हलली. आबांनी तोंड उघडायच्या आत यंत्र कोकललं. अंगणात होतो मी. उड्या मारू लागलो. “वाजलं! आबा, वाजलं! बघा, तुमच्या आधी!”

आई अंगणातच होती, नाचणी पाखडत. मोकळ्या आभाळाखाली, कसलाही धोका नसलेल्या जागी. तिनं सूप टाकलं आणि ती शेडमध्ये पळाली. आत. पत्रे थडथडत होते, आबा ओरडत होते, “आगं भाईर! भाईर!” आणि मला दारातून दिसत होता तिचा हात. तांब्याच्या तोंडावर जाऊन तो चाचपडत होता, खाली, बाजूला, पुन्हा तांब्यावर. जमीन थांबली. यंत्र कोकलतच होतं. ती रिकाम्या हातानं बाहेर आली आणि सांडलेली नाचणी गोळा करायला बसली.

आबांनी मला दंडाला धरून कुंपणापर्यंत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले.

“तू बोर्डिंगात हुतास. भिंत आली, पर शाली लगीच गेली न्हाई. दगडाखाली तिच्या हाताला फुलपातर गावलं हुतं. ते ती वाजवत हुती. तुझी आई त्या आवाजावर उकरत हुती. मग आवाज बंद झाला. कुठं उकरावं ते कळंना. तवापास्नं ते वाजाय लागलं की ती जाऊन धरती.”

एवढंच. मी सांगत असतो तर याच्या दहापट लांबवलं असतं.

मी पेटी उघडली. फडकं सोडून दोन तुकडे आईसमोर नाचणीत ठेवले. एकेक तुकडा पुसून तिनं मांडीवर घेतला.

यानंतर मी शिक्षण पुरं केलं. पंखे, मिक्सर, दूरदेशीच्या कंपन्यांसाठी किटल्या, पुष्कळ काही घडवलं. केशरी यंत्राचे सेल संपले, ते कुणी बदलले नाहीत. आई गेली, शेडही गेली. मी राहतो त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये स्टीलचे बारा ग्लास आहेत, एकावरही नाव नाही. खालून जड ट्रक गेला की रॅकमध्ये ते किणकिणतात. मी असेन तिथून उठतो आणि जाऊन त्यांच्यावर हात ठेवतो. बायको, पोरं आता विचारत नाहीत. मंडळी, तुम्ही मला गाव विचारता तेव्हा मी कोयनानगर सांगतो, पण माझं गाव आता एवढंच राहिलंय, तळहाताखाली थरथरून थांबणारं.

त्या दुपारी मात्र माझं तोंड अजून चालत होतं. म्हणालो, “आई, मी डाग देऊन जोडून आणतो. आमच्याकडं नवं तंत्र आलंय. सांधा दिसणारसुद्धा नाही. होतं तसं करून आणतो, बघ तू.”

आईनं दोन्ही तुकडे कडेला कड लावून बघितले.

“जोडशील. पानी ऱ्हाईल त्यात. आवाज न्हाई यायचा.”