बोटाला कळतं

नवा फिल्टर हातात आला की मिस्त्रीकाका आधी त्याच्यावर खिळ्याने 'श्री' कोरायचे. फिल्टर म्हणजे इंजिनाचं ऑइल गाळणारा पत्र्याचा एक लहानसा डबा. तो गाडीच्या पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी बसतो आणि सहा-आठ महिन्यांनी काढून फेकला जातो. त्याच्यावर काय कोरलंय ते वाचायला कुणी जाणार नसतं. तरी काका उकिडवे बसून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, सावकाश तो श्री काढायचे. मग उजव्या हाताचं बोट नव्या ऑइलमध्ये बुडवून डब्याच्या तोंडाशी असलेल्या रबराच्या रिंगवरून फिरवायचे, बाळाच्या टाळूवर तेल घालावं तसं. आणि मग खड्ड्यात उतरून नुसत्या हाताने तो आवळायचे.

"बोटाला कळतं," ते म्हणायचे. "रिंग टेकली की बोटाला कळतं. पान्याला काय कळतंय? तो आपला आवळत जातो."

त्यांचं गॅरेज रत्नागिरीत, नाचणे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. जांभ्याच्या तीन भिंती, वर पत्रे, आणि मध्ये गाडीखाली उभं राहून काम करण्यासाठी कातळात खोदलेला खड्डा. तो खड्डा त्यांनी स्वतः एका उन्हाळ्यात खणला होता आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ते तो विहीर दाखवावी तसा दाखवायचे.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती दुभाषी म्हणून. माझे वडील डॉक्टर. रत्नागिरीत दवाखाना, आणि आठवड्यातून दोन दिवस पालीला. त्यांची गाडी जुनी, विलायती, मुंबईच्या एका वयस्कर गृहस्थाकडून घेतलेली. तिच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. मी बाहेरगावी इंग्रजी शाळेत, मग कॉलेजात शिकून नुकतीच घरी परतले होते. मराठी बोलताना माझं वाक्य मध्येच अडकायचं, म्हणून मी फारसं बोलायचेच नाही. पप्पांनी मला पुस्तिका घेऊन काकांकडे धाडलं. त्यात मला काही काम मिळावं हाही हेतू असणार.

मी वाचून दाखवलं: रिंगला ऑइल लावावं, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा द्यावा, हत्यार वापरू नये.

काका खड्ड्यातूनच ओरडले, "सुध्या, ऐकलंस? ह्या पुस्तकवाल्याला कुणी सांगितलंन हे?"

"तुम्हीच सांगितलं असणार, मिस्त्री," वरून उत्तर आलं. "दुसरं कोण हाय एवढं शहाणं?"

हा सुधाकर. देवरूखच्या बाजूचा, चाळिशीचा, काळासावळा, पंधरा वर्षं काकांच्या हाताखाली. काकांच्या प्रत्येक वाक्याला त्याचं एक छोटं वाक्य ठरलेलं असायचं. त्यातलं बहुतेक चिडवणं असे, पण काम तो त्यांच्याइतकंच नीट करायचा. श्री मात्र तो कधी कोरत नसे. "तो मिस्त्रींचा मान," म्हणायचा.

पुस्तिका एका दुपारीच वाचून संपली. तरी मी जात राहिले. दारालगत एक बाकडं होतं, तिथे बसायचे. काकांनी मला एकदाही "बोलत का नाहीस" असं विचारलं नाही. त्या वर्षी मला हे विचारत नव्हता असा एवढा एकच माणूस होता. चहा आला की कपातला अर्धा बशीत ओतून माझ्या बाजूला सरकवायचे आणि म्हणायचे, "घे गो बाय. आमची इंग्रजी पावणी."

गप्प बसणाऱ्या माणसाला दिसतं फार. एकदा काकांची विडी जळत जळत बोटांपर्यंत आली. ते कुणाशी तरी बोलत होते. कातडी करपल्याचा वास मला बाकड्यावर आला, त्यांना काही जाणवलं नाही. सुधाकरने मागून येऊन विडी काढून घेतली आणि फेकली. तेव्हापासून मी लक्ष ठेवू लागले. बारीक नट सुधाकर लावायचा. काका मोठमोठ्याने सूचना द्यायचे आणि सुधाकरने "होय मिस्त्री" म्हणत त्या सूचनेच्या आधीच काम उरकलेलं असायचं. काकांना साखर होती, हे मला पप्पांकडून ठाऊक होतं. बोटं बधिर झाली होती, हे पप्पांनाही ठाऊक नव्हतं. काका दवाखान्यात हात सदऱ्याच्या खिशात घालून बसायचे.

शिमग्याला सुधाकर गावी गेला. पालखी घरी येणार म्हणजे त्याला जायलाच हवं. नेमकी तेव्हा आमची गाडी ऑइल बदलायला आली. काकांनी श्री कोरला. रिंगवरून बोट फिरवलं. खड्ड्यात उतरले. मी बाकड्यावरून उठून खड्ड्याच्या काठाशी आले होते. त्यांनी डबा फिरवला, थांबले. परत थोडा फिरवला, परत थांबले. हात धोतराला पुसला आणि बोटांची टोकं एकमेकांवर घासून पाहिली. मग पुन्हा डबा धरला. तेवढ्यासाठी माणसाला किती वेळ लागतो ते मला पाठ होतं, आणि आज त्याच्या चौपट वेळ गेला होता. शेवटी ते वर आले, भिंतीवरचा साखळीचा पाना काढला, खाली गेले आणि साखळी डब्याभोवती घालून एक हिसका दिला. मग आणखी एक. मग आणखी एक.

वर पाहिलं तर मी उभी.

"काय बघतेस गो?"

"काही नाही."

"पालीच्या रस्त्यानं गाडी जाते डॉक्टरांची. हादरे बसतात. जरा घट्ट बरा."

मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याने त्यांना बरं वाटलं, हे मला दिसलं.

दिवाळीच्या आधी पुन्हा ऑइल बदलायची वेळ आली. सकाळी नऊला गाडी खड्ड्यावर घेतली. सुधाकरने हात घातला, फिल्टर हलेना. इंजिन चालू करून गरम केलं, म्हणजे पत्रा थोडा सैल पडतो. हलेना. पॉलिश पेपर गुंडाळून धरला. साखळी लावली, ती सरकली. काका काठावर उभे राहून सांगत होते, "डावीकडं, मेल्या, डावीकडं." सुधाकर म्हणाला, "पंधरा वर्सांत मला आज कळलं, डावी कुठली ती." कुणी हसलं नाही. अकरा वाजता त्याने स्क्रू ड्रायव्हर ठोकून डब्यातून आरपार घातला आणि त्याचा दांडा करून फिरवला. पत्रा कागदासारखा टरकन फाटला. काळं गरम ऑइल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. डबा हातात आला, पण त्याच्या तोंडाकडची चकती, रिंगसकट, इंजिनालाच घट्ट चिकटून राहिली.

ती चकती काढायला दुपारचे चार वाजले. छिन्नी काठावर टेकवून, हातोड्याने हलके हलके, एकेक टिचकी मारत सुधाकरने ती फिरवत आणली. एक ठोका चुकला असता तर डबा ज्यावर फिरवून बसतो ते इंजिनाचे आटे गेले असते. पूर्ण वेळ तो मान वाकडी करून उभा होता. तो काय करत होता हे काकांना समजत होतं आणि ते आपल्याला यापुढे कधी जमणार नाही हेही. त्यांनी दिवसभर विडी ओढली नाही.

पप्पा पालीचे पेशंट सोडून आले होते. चिडले होते. गॅरेजात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, बागायतदार, काकांचे जुने ओळखीचे. पप्पांनी विचारलं, "कुणी आवळला होता हा?"

सुधाकर खड्ड्यातून वर येत होता. त्याच्या हातात तो फाटका डबा होता, आणि ऑइल निथळून गेल्यावर पत्र्यावरचा श्री स्वच्छ दिसत होता. मला दिसला. सुधाकरलाही दिसला, कारण त्याचा अंगठा त्याच्यावर थांबला.

काका माझ्याकडे बघत होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मला वाटलं ते विनवत आहेत, गप्प राहा म्हणून. मी खाली पाहिलं.

"सुध्याने," काका म्हणाले. आणि मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शंभरदा सांगितलं ह्याला, हाताने लाव, हाताने लाव. पण ह्याला ताकद दाखवायची असते."

सुधाकरने डबा उलटा केला. श्री त्याच्या तळव्यात गेला. "होय डॉक्टर," तो म्हणाला. "चुकलं."

"पुन्हा माझ्या गाडीला याने हात लावायचा नाही," पप्पा म्हणाले. बागायतदारांनी माना डोलावल्या.

माझ्या तोंडात वाक्य होतं. छोटं होतं, तीन शब्दांचं. ते अडकलं नव्हतं. मी ते उच्चारलंच नाही.

आठ दिवसांत सुधाकर निघून गेला. भांडण झालं नाही. जाताना त्याने सगळी हत्यारं रॉकेलने पुसून भिंतीवर ओळीने लावली आणि माझ्या बाकड्यापाशी थांबून म्हणाला, "बाय, त्यांच्या विडीकडं लक्ष ठेवा." एवढंच. तो मुंबईला गेला असं कळलं.

त्याच्यामागे गॅरेज चार महिने चाललं. पहिल्यांदा एका जीपचे आटे गेले. मग एका टेंपोचं चाक राजापूरच्या वाटेवर डगडगू लागलं. नट घट्टच झाले नव्हते. माणसं बोलू लागली. ज्यांच्यासमोर काकांनी आपली अब्रू राखली होती ते दोघे बागायतदार सर्वांत आधी गेले. पप्पाही गाडी दुसरीकडे नेऊ लागले, आणि मला बाकड्यावर बसायला काही कारण राहिलं नाही. कारण नसतानाही एकदा गेले. काका एकटेच खड्ड्याच्या काठाशी पाय सोडून बसले होते. उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. चहा एकच आला. त्यांनी बशीत अर्धा ओतला आणि सरकवला.

त्या अंगठ्याची जखम भरली नाही. आधी अंगठा गेला, मग घोट्यापर्यंत पाय. पप्पांनी ते सगळं केलं, मनापासून केलं. मी भेटायला गेले तेव्हा काका घरी ओटीवर खाटेवर होते. हात पांघरुणाबाहेर होते. आता लपवायचं कुणापासून?

"बाय," ते म्हणाले, "तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"मी तुझ्याकडंच बघत होतो. म्हटलं, ही आता बोलेल. पोर बोलली की मग मलाही बोलता येईल. होय, माझ्याच हातचा तो, बोटं गेलीत माझी, असं म्हणेन आणि सुटेन. तू खाली बघितलंस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी करता आलं असतं, निदान रडता आलं असतं.

मग त्यांनी उशीखालून फिल्टरच्या खोक्याचा एक तुकडा काढला. त्याच्यावर सुधाकरच्या हस्ताक्षरात मुंबईचा पत्ता होता. "त्याला पत्र लिहायचं हाय. मला पेन धरवत नाय. तू लिही. मराठीत लिही हां, तुझ्या इंग्रजीत नको."

मी कागद घेतला. वर मध्यभागी 'श्री' लिहिलं, सगळे लिहितात तसं. काकांनी मान वळवून ते अक्षर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी पेन टेकवून बसले होते.

"पुढं काय लिहू, काका?"

त्यांचे ओठ हलले. बोटांची टोकं त्यांनी एकमेकांवर घासली, त्या दिवशी खड्ड्यात घासली होती तशीच.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उद्या ये."

मी दुसऱ्या दिवशी गेले. त्यांना ताप होता, ओळखत नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. अंगणात पप्पांची गाडी उभी होती आणि माणसं जमू लागली होती.

गॅरेजच्या जागी आता फरशांचं दुकान आहे. खड्डा बुजवला. तो पत्त्याचा तुकडा आणि तो कागद माझ्या कपाटात आहेत. कागदावर श्री आहे, आणि त्याच्याखाली सगळं कोरं. पुढे काय लिहायचं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मराठीतही माहीत आहे. महिन्यातून एकदा मी तो कागद काढते, पेन घेते, आणि परत ठेवून देते.