एक चिठ्ठी जास्त

नाशकात मला ठेवून घेतलं ते गोऱ्या मॅडमनी. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक भलतंच काही विचारत बसतात आणि मॅडमचं नाव मागे राहून जातं. देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगलीत त्या राहायच्या. जन्म विलायतेचा, लग्न इथल्या एका कर्नलसाहेबांशी. साहेब वारल्यावरही त्या परत गेल्या नाहीत. आणि त्यांच्या घरात एक गोष्ट होती जी मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिली नाही. तिथे सगळं मतदानानं ठरायचं.

सगळं म्हणजे खरोखर सगळं. जेवायला दुधी की वांगी, आंब्याची वाकडी फांदी तोडायची की राहू द्यायची, पडदे यंदा धुवायचे की नाही. दिवाणखान्यातल्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा, झाकणाला चीर पाडलेली, आणि दोऱ्यानं बांधलेली एक पेन्सिल. विलायतेत मत पेन्सिलीनंच देतात, असं मॅडम सांगायच्या. घरातले स्वयंपाकी नाना मूळचे चांदवडकडचे. त्यांना ते कधीच पटलं नाही.

"पेन्सिलीनं? अन् कोणी खोडलं मंग?"

"खोडत नाहीत, नाना."

"पर खोडलंच तर?"

"खोडणारेच असतील तर पेनानं तरी काय होणार?" मॅडम म्हणायच्या आणि चष्मा पुसायच्या.

मी चंद्रपूरकडची, ब्रह्मपुरीच्या पुढच्या एका खेड्यातली. शाळा सातवीत सुटली. नवरा गेला तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, मूलबाळ नव्हतं. वर्षश्राद्ध झालं आणि सासरी बैठक बसली. धाकट्या दिराशी माझा पाट लावायचा, म्हणजे पुन्हा त्याच घरात लग्न, असं ठरलं. भिंतीपलीकडे मी तांदूळ निवडत बसले होते, शब्दन् शब्द ऐकू येत होता. मला कोणी बोलावलं नाही. दीर माणूस म्हणून वाईट नव्हता, पण मी लग्न होऊन आले तेव्हा तो सहावीत होता. त्याच्या शाळेचा डबा मी भरून दिलेला होता. चार दिवस मी नेहमीसारखी कामं उरकली. पाचव्या दिवशी गाडीत बसले.

नाना मला नाशिकरोडच्या भाजीबाजारात भेटले. ज्या मैत्रिणीनं कारखान्यात लावून देते म्हणून बोलावलं होतं तिचा फोन बंद होता, आणि मी कोबीच्या ढिगाशेजारी पिशवी कवटाळून बसले होते. नाना दोनदा समोरून गेले, तिसऱ्यांदा थांबले.

"घरकाम येतं का? चल मंग. पर आधी तुझं इलेक्शन व्हईल."

मला वाटलं म्हातारा चळलेला आहे. पण जायला दुसरीकडे कुठे होतं? मॅडमनी मला व्हरांड्यात बसवलं. आत त्या दोघांनी चिठ्ठ्या टाकल्या. मग बाहेर येऊन त्यांनी निकाल सांगितला, "बाजूने दोन, विरोधात शून्य, एक कोरी. तुम्ही उद्यापासून या घरात आहात." मत दोघांनी दिलं आणि चिठ्ठ्या तीन निघाल्या, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. त्या मला 'तुम्ही' म्हणाल्या, तेवढंच डोक्यात घुमत राहिलं. मॅडम सगळ्यांनाच तुम्ही म्हणायच्या, दूधवाल्याच्या पोरालासुद्धा. त्यांची मराठी सासूबाईंकडून शिकलेली, अगदी स्वच्छ. चाल मात्र वेगळी, दुसऱ्या गाण्याला लावल्यासारखी.

आठवड्याभरानं मीही मतदार झाले. प्रश्न दुधी-वांग्याचाच होता. मॅडमनी वहीचं एक पान आमच्यासमोर फाडून तीन तुकडे केले, तिघांना दिले. तिघांनी लिहून डब्यात टाकले. मग त्यांनी झाकण काढलं आणि हवामान सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "वांगी दोन, दुधी एक, कोरी एक."

मी म्हणाले, "पण मॅडम, आपण तिघंच ना?"

"मतदार तीन. चिठ्ठ्या चार. बरोबर आहे."

माझा स्वभाव मुळात काळजीचा. दाराची कडी तीनदा पाहिल्याशिवाय मला बसवत नाही. दुपारी मॅडम पडल्या होत्या तेव्हा मी त्या चिठ्ठ्या उचलून जमिनीवर मांडल्या. तीन तुकडे कडेला कडा लावून जुळवले, तर वहीचं पान पुरं झालं. कुठे फट नाही, कोपरा कमी नाही. चौथा तुकडा बाजूला उरला. तशाच रेघांचा, तसाच हातानं फाडलेला, आणि आमच्या चिठ्ठ्या दुहेरी दुमडलेल्या असताना हा एकटा चौपदरी. बाहेर टळटळीत ऊन होतं, रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला होता, आणि मी तुकडे पुन्हा पहिल्यापासून मोजत होते.

नानांना विचारलं तर ते कांदा चिरत राहिले. "मोजायचं काम म्याडमचं हाय. आपन खायाचं काम करावं."

"साहेब असतील का हो?"

"सायब?" नानांनी सुरी थांबवली. "सायब जित्ते व्हते तवाबी एक चिठ्ठी जास्तच निघायची. पयले तं नवराबायकोच मत द्यायचे. रोज बरोबरीत सुटायचं, कायबी ठरत नसे, म्हनून मला घेतलं. माज्या आधीबी दोघांची मतं अन् चिठ्ठ्या तीन. या बंगल्यात त्यांच्या आधी कोन व्हतं कोनाला ठावं? आसंल कोनीतरी, ज्याला कदी कोनी इचारलं नाय."

त्या रात्रीपासून मी दिवा चालू ठेवून झोपू लागले. पण घर सोडावं असं वाटलं नाही. मला भीती वेगळीच होती. आज ना उद्या गावाकडून कोणीतरी येणार आणि मला घेऊन जाणार. त्या भीतीपुढे कोऱ्या चिठ्ठीची भीती लहान होती.

मॅडमना विचारायचं धाडस मी पडदे धुवायच्या दिवशी केलं. त्यांनी कपाट उघडून पावडरचा एक मोठा डबा दाखवला. आत चौपदरी चिठ्ठ्या गच्च भरलेल्या. तळाच्या पिवळ्या, वरच्या पांढऱ्या, सगळ्या कोऱ्या. "मी भुतांवर विश्वास ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "मोजणीवर ठेवते. कोरी चिठ्ठी टाकून द्यायची नसते. कोणीतरी पेटीपर्यंत चालत आलेलं असतं."

कॅम्पाच्या मागच्या माळावर तोफांचा सराव चाले. पहिला आवाज झाला की तावदानं थरथरायची, कपाटातल्या बशा किणकिणायच्या. मी दचकून उभी राहायची. मॅडम फक्त चहाच्या कपावर हात ठेवायच्या. "सराव ऐकू येतोय म्हणजे लढाई दूर आहे," म्हणायच्या. संरक्षणाबद्दल त्यांची मतं ठाम होती. फौज हवी, चांगली हवी, तिच्यावर कंजुषी करू नये. पण फौजेनं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात साहेबांनी त्यांना पडदे कुठे लावायचे याचा हुकूम दिला होता, आणि दुसऱ्या दिवशी मॅडमनी मतदानाचा डबा टेबलावर आणून ठेवला. "सरहद्द राखणं सोपं," त्या म्हणायच्या, "तिथे शत्रू पलीकडे असतो. घरात सगळे एकाच बाजूला बसलेले असतात, म्हणून कळत नाही." हे मला तेव्हा अर्धंच समजलं.

खऱ्या निवडणुकीत मात्र त्यांना मत नव्हतं. नागरिकत्व तिकडचं, राहणं इकडचं. तरी मतदानाच्या दिवशी त्या इस्त्रीची साडी नेसून नानांबरोबर केंद्रापर्यंत जायच्या, लांब कडुनिंबाखाली उभ्या राहायच्या. नाना बाहेर आले की त्यांच्या बोटावरची शाई चष्मा वर करून बघायच्या.

त्या घरात मला दीड वर्ष झालं आणि एका सकाळी अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. दीर होता. बरोबर माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सुना मोठे मामाजी म्हणतो. पत्ता कुठून मिळाला ते आजही मला माहीत नाही.

"वहिनीले न्याले आलो," दीर मॅडमना म्हणाला. "घरचा मामला हाये. तुमी यात पडू नोका."

"बसा. आधी चहा घ्या," मॅडम म्हणाल्या.

स्वयंपाकघरात नाना हळूच म्हणाले, "जा बाई. एवढ्या लांबून मानसं आलीत. आपल्या मानसात आसलेलं बरं आसतंय." म्हणजे नानांचं मत तिकडे. मी मनातल्या मनात मोजणी सुरू केली आणि माझ्या हातातली गाळणी साखरेवर कधी पडली कळलं नाही.

चहा घेऊन आले तर सवयीनं नानांनी मतदानाचा डबा व्हरांड्यात आणून ठेवलेला. दिरानं विचारलं, नानांनी सांगितलं. तो हसला.

"मंग टाकू ना मतं! आमी दोघं, हे बाबा, तुमी अन् वहिनी. पाच झाले. लोकशाही हाये का नाई?" त्यानंही मोजणी केलेली होती. "मी ग्रामपंचायतीत पोलिंग एजंट बसलो होतो, मॅडम. पेटी पयले रिकामी दाखवा लागते." त्यानं झाकण काढलं, डबा उलटा केला, तळावर थाप मारली, आत बोट फिरवलं. रिकामा. झाकण त्यानंच लावलं.

मॅडमनी वहीतून एकच तुकडा फाडला आणि माझ्या हातात दिला.

"अन् आमचे?"

"मतदार एक आहे."

"हे कोणती लोकशाही?"

"दुधी की वांगी हे आम्ही मोजून ठरवतो," मॅडम म्हणाल्या. "यांनी कोणाच्या घरात राहायचं हे पाच जणांनी मोजायचं नसतं. तिथे बहुमत म्हणजे नुसती गर्दी."

मी लिहिलं, 'जात नाही.' अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की मला लाज वाटली. चिठ्ठी दुमडून टाकली. त्या दिवशी माळावर सराव नव्हता. इतकं शांत होतं की चिठ्ठी तळाला टेकल्याचा आवाज आला.

"उघडा," मॅडम दिराला म्हणाल्या. "एजंट तुम्ही."

त्यानं डबा तळहातावर उपडा केला. दोन चिठ्ठ्या पडल्या.

एक माझी. दुसरी चौपदरी. ती त्यानं उलगडली. मी वाकून पाहिलं. आजवर कोरी निघालेल्या त्या कागदावर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं, नुकतंच कोणी बाराखडी शिकलेलं असावं तसं, कागद जागोजागी फाटेल इतकं दाबून. 'नेऊ नका.'

दिरानं पेन्सिलीकडे पाहिलं. ती दोऱ्यासकट अजून माझ्या हातात होती.

"हे कोणं टाकलं?" त्याचा आवाज एकदम सहावीतला झाला. मोठ्या मामाजींनी ती चिठ्ठी घेतली, वाचली, पाठ उलटून पाहिली आणि दोन्ही हातांनी मॅडमना परत दिली.

"चाल," ते दिराला म्हणाले.

"पण मोठे बाबा..."

"चाल म्हणलो ना."

फाटकाशी ते मागे वळले. "सुखानं राय, बाई," एवढंच बोलले. दिराचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

दुसऱ्या दिवशी पडवळ की भेंडी यावर मतदान झालं. चिठ्ठ्या तीन. त्यानंतर कायम तीनच. मॅडमनी पहिल्यांदा डबा हलवून पाहिला, कानाशी धरला. "बोलून झालं तिचं," म्हणाल्या.

"तिचं? कोन ती?" नानांनी विचारलं.

"माहीत नाही, नाना. इतकी वर्षं मी मोजत राहिले. काय हवंय ते विचारलंच नाही." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. नाना मागून माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मी जा म्हनलो व्हतो, पोरी. मनात धरू नको." मी धरलं नाही.

पुढे दोन वर्षांत मॅडम विसरू लागल्या. आधी नावं, मग खोल्या, शेवटी मराठी. उरलं ते फक्त इंग्रजी, तेही तुटक. विलायतेहून पुतण्या आला. सभ्य माणूस, आमच्याशी हात जोडून बोलला. दिवाणखान्यात बसून तो फोनवर तिकडच्या कुठल्या वृद्धाश्रमाशी ठरवत होता आणि मॅडम शेजारच्याच खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय वाटतं हे त्यानं विचारलं नाही. 'आस्क हर', एवढं इंग्रजी मला येत होतं. दोन शब्द. माझ्या तोंडातून ते निघाले नाहीत. घाबरले. चार दिवसांनी गाडी आली.

आता बंगलीत दुसरे लोक आहेत. नाना गावी असतात. मी नाशकातच सिडकोत एक खोली घेऊन राहते, आजारी म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची कामं करते. यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले आहे. शेजारच्या मुलीकडून रोज तासभर इंग्रजी बोलायला शिकते. पासपोर्टाचे कागद जमवतेय. लोक विचारतात, कशाला एवढं? पुतण्या कधीमधी फोटो पाठवतो आणि लिहितो की त्या आता कोणालाच ओळखत नाहीत.

नाही ओळखलं तर नाही. मॅडम, मी येणार आहे. किती वर्षं लागतील सांगता येत नाही, पण येणार. तुमच्याशेजारी खुर्ची ओढून बसेन आणि तिथल्या सगळ्यांच्या देखत तुम्हाला विचारेन, इथे राहायचं की माझ्या खोलीवर यायचं. खोली लहान आहे, दोघींना पुरते. उत्तराला वेळ लागला तर मी थांबेन.