मुक्या गावाचा अर्ज

वानखडे सरांच्या तासाला हजेरीला 'हजर' म्हटलेलं चालत नसे. नाव पुकारलं की उभं राहायचं आणि एक 'काऊन' द्यायचा. काऊन म्हणजे आमच्या वऱ्हाडी बोलीत 'का'. घरातला, गल्लीतला, शेतातला, कुठलाही प्रश्न चाले, पण तो स्वतःचा पाहिजे. पुस्तकातला काऊन आणला की सर सरळ गैरहजेरी मांडत. एका मुलानं विचारलं होतं, आमच्या गल्लीत सगळ्या घरांची दारं उत्तरेला, एकाच घराचं दक्षिणेला, ते काऊन? मागच्या बाकावरच्या एकानं थट्टेनं विचारलं, सर, तुमच्या सायकलीले घंटी काऊन नाई? वर्ग हसला. सर हसले नाहीत. चांगला काऊन हाये म्हणाले, आणि गावात किती सायकलींना घंटी नाही ते आठवडाभरात पाहून यायचं काम त्यालाच दिलं.

उत्तर मात्र ते कधी देत नसत. "मी उत्तर देल्लं तं तुमी ते लिवून घ्यान," ते म्हणत, "अन् काऊन मरून जाईन."

तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज नुकतंच निघालेलं होतं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. इमारत अर्धी बांधलेली, बी.ए.चे वर्ग एका जिनिंगच्या जुन्या गोदामात. सर इतिहास शिकवत. ते सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्याचे. पुण्यात शिकून आले होते आणि तिथल्यासारखं बोलू शकत, व्याख्यानात बोलतही. पण मुद्द्याची गोष्ट आली की वऱ्हाडीवर येत. आपल्या बोलीत खोटं बोलायला जड जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. मी पुढं जे केलं ते आपल्या बोलीतच केलं, आणि मला ते अजिबात जड गेलं नाही.

एका सकाळी माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्याजवळ काऊन नव्हता. सुचेल ते बोललो. "सर, आमच्या गावात एका वावराले सासूचं वावर म्हनतात. काऊन?"

सरांनी पेन खाली ठेवलं. त्याला लागून कोणतं वावर, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, रुसलेलं वावर. त्याच्या पलीकडं? टोपीचं. सगळ्याच वावरांना नावं आहेत का? मी म्हटलं, हाव. "पाहून सांगतं का आयकून?" हा त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न. मी म्हटलं, त्या वावरांत मी लहानाचा मोठा झालो सर. हे म्हणताना मला मोठा अभिमान वाटला होता, तो अजून आठवतो.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठाचं पत्रक आलं. कला शाखेच्या बी.ए.च्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधन करायला विद्यावेतन मिळणार होतं. प्रयोगशाळेतल्या मुलांना असं काही मिळतं हे आम्ही ऐकून होतो. इतिहास आणि भाषेच्या मुलांनाही मिळू शकतं, ही नवी गोष्ट होती. प्रत्येक कॉलेजातून एकच अर्ज जाणार. सरांनी विषय ठरवला वावरांच्या नावांचा, गाव ठरवलं माझं, आणि मुलगा निवडला नामदेव.

नामदेव माळ्याचा. गावाबाहेर त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. पहाटे मोट हाकून, वांगी बाजारात पोचवून तो कॉलेजात येई आणि तरी त्याचा काऊन सगळ्यांत चांगला असे. मला राग आला का, असं कुणी विचारेल. खरं सांगायचं तर नाही आला. उन्हात हिंडायची मला हौस नव्हती, आणि वेतनाची आमच्या घरी गरज नव्हती. नामदेवला होती, पण पैशासाठी नव्हे. त्याच्या वडलांनी स्पष्ट सांगितलं होतं की विद्यापीठानं बोलावलं तर पुढं एम.ए.ला जा, नाही तर बी.ए. झाल्यावर मळ्यात ये. त्यांच्या मते शिकलेल्या मुलाची लायकी ठरवायचं काम नागपूरच्या लोकांचं होतं. आपल्याला त्यातलं कळत नाही, हे ते मोकळेपणानं सांगत. म्हणजे नामदेवचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका अर्जावर टांगलेलं होतं. हे मला माहीत होतं. आम्ही एकाच बाकावर बसत होतो.

अर्ज इंग्रजीत करायचा होता. सरांनी नामदेवला सांगितलं, "आधी मायले सांग. तिले समजलं तं मंग विद्यापीठाले सांग." नामदेवची आई वांग्यांची टोपली निवडत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "अन् लोकायनं नावं सांगतलीच नाई तं?" नामदेव तो प्रश्न तसाच, उत्तराविना, घेऊन कॉलेजात आला. सरांना मात्र हे कळल्यावर इतका आनंद झाला की त्यांनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. अर्जासोबत नमुन्याची थोडी नावं जोडायची होती. ती गोळा करायला फेब्रुवारीत, हरभरा काढणीच्या दिवसांत, सर आणि नामदेव माझ्या गावी येणार असं ठरलं. आमचं गाव उंद्रीच्या अलीकडं. आदल्या दिवशी मी घरी सांगायला गेलो.

आता इथं बाबांविषयी सांगितलं पाहिजे. ते गावचे पाटील. सीलिंगचा कायदा नुकताच आला होता, ठरल्यापेक्षा जास्त जमीन ठेवता येणार नव्हती. बाबांनी जमीन वाटून टाकली होती, म्हणजे कागदावर. काही बीबी गावच्या आत्याच्या नावावर, काही मामाच्या, काही आमच्या सालदाराच्या, म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या. सालदाराला आपण जमिनीचे मालक झालो हे माहीत नव्हतं. तो आमच्याच घरी पाटी उचलत होता. कागद सगळे नीट होते. पण लोकांच्या तोंडी वावरांची जुनी नावं तशीच होती, आणि प्रत्येक नावाच्या आधी 'पाटलाचं' हा शब्द आपोआप येई. पाटलाचं सासूचं वावर. पाटलाचं टोपीचं.

सर वावरांची नावं लिहून नेणार आहेत हे ऐकल्यावर बाबा ओरडले नाहीत. पान जुळवत म्हणाले, "नाव लिवलं का त्याच्या मांगं आपन आलो. तुले समजते का नाई?" मला समजलं. तू तुझ्या सराले नाही म्हणू शकत नाहीस, हेही तेच म्हणाले. त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो. संध्याकाळी मी दाढी करायला न्हाव्याच्या ओट्यावर बसलो आणि सहज बोलल्यासारखं बोललो, "उद्या येनारे सर मोजनीवाल्यायचे मानूस हायेत म्हनते."

गावाला एवढं पुरलं. ज्याच्याकडं जमीन होती त्याला ती जायची भीती, ज्याच्याकडं नव्हती त्याला पाटलाची.

सकाळी सर आणि नामदेव एस.टी.तून उतरले. मी त्यांच्याबरोबर शिवारात हिंडलो. एक म्हातारा हरभऱ्याच्या ढिगावर बसला होता. सरांनी अदबीनं विचारलं. तो म्हणाला, "वावराले काय नाव रायते जी? नाव बैलाले ठेवावं. वावर कुठं पळून जाते का हाक मारून बलवावं लागते?" पुढं एक बाई तूर झोडपत होती. ती म्हणाली, "मी नवऱ्याचं नाव घेत नाई, वावराचं कुठून घेऊ?" आणि पदर तोंडाला लावून हसली. तिसऱ्यानं पाणी दिलं, गूळ दिला, पोराबाळांची चौकशी केली. नाव दिलं नाही. दुपारपर्यंत हेच. सासूच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून सरांनी मला विचारलं की हेच का ते. मी म्हणालो, हो सर, पण हे नाव आमच्याच घरात म्हणत असतील, लहान पोरांची थट्टा.

एस.टी.ची वाट पाहत आम्ही लिंबाखाली बसलो. नामदेव खालमानेनं बसला होता. सरांकडं पाहिलं तर त्यांचे डोळे चमकत होते. ते म्हणाले, "अरे, नावं तं कोनत्याबी गावात भेटतीन. अख्खं गाव एकाच दिवशी मुकं काऊन झालं? हाच विषय हाये." नामदेव सावरून बसला. दोघं बोलत राहिले, एकमेकांचं वाक्य तोडत. मग सर माझ्याकडं वळले. "तू इथलाच. तुले काय वाटते?"

मी म्हणालो, "मले मालूम नाई, सर."

न्हाव्याच्या ओट्यावरचं वाक्य भीतीपोटी गेलं असं मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे. लिंबाखालच्या या वाक्यासाठी मला अजून काही सापडलेलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर अर्जाला अजून वेळ होता. दुसरं गाव घेता आलं असतं.

अर्ज गेला तो मुक्या गावाचा. नामदेवला नागपूरला मुलाखतीला बोलावलं, हेच आमच्या कॉलेजात मोठं झालं. सरांनी त्याला स्वतःचा कोट दिला. तिथं समितीतल्या एकानं विचारलं ते नेमकं त्याच्या आईनं विचारलेलं. लोक बोललेच नाहीत तर तुम्ही अभ्यास कशाचा करणार? या वेळी नामदेवजवळ उत्तर होतं. शेजारच्या गावी जाऊन या गावच्या वावरांची नावं विचारीन, म्हणाला. या शिवारात ज्याचं वावर नाही त्याला इथली भीतीही नाही. समिती हसली. हे काम पोलिसांचं आहे, मानव्यविद्येचं नाही, असं एकजण म्हणाला. अर्ज नामंजूर झाला. पुढच्या वर्षी बी.ए. झाल्याबरोबर नामदेव मळ्यात गेला.

सरांना स्टाफरूममध्ये 'मुक्या गावाचे संशोधक' म्हणू लागले. मी एम.ए. करून त्याच कॉलेजात, त्यांच्याच विभागात लागलो तेव्हाही ही थट्टा चालू होती. कितीतरी वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. ते डबा उघडून माझ्यापुढं करत. अधूनमधून विचारत, ते गाव काऊन बोललं नसंन रे? त्यात माझ्यावर संशय नसे. कोड्यासारखं ते त्यांच्या मनात राहिलं होतं, आणि मी प्रत्येक वेळी मान हलवून त्यांच्या डब्यातली भाजी घेतली.

बाबा गेले. सीलिंगची भीती कधीच विरली होती. सर निवृत्त होऊन सोनाळ्याला, भावाच्या संत्र्याच्या बागेत राहायला गेले होते. तिथं जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. मी मान खाली घातली होती. कानावर आलं ते भलतंच.

"म्हंजे नावं होती तं."

मी वर पाहिलं. म्हातारा चक्क हसत होता. त्यांना इतकी वर्षं आतून वाटत राहिलं होतं की आपणच एका मुलाच्या एका वाक्यावरून नसलेली गोष्ट उभी केली आणि नामदेवचं नुकसान केलं. मग त्यांनी मला एकेक नाव सांगायला लावलं. सासूचं, रुसलेलं, टोपीचं, आंधळीचं, खोटं वावर. प्रत्येकावर थांबून विचारत होते, हे कोणापासून ऐकलं, ते कोण, जिवंत आहेत का. दुपार त्यातच गेली. निघताना मी म्हटलं, सर, मला माफ करा.

ते गंभीर झाले. "मले काऊन मांगतं? माहं काय गेलं? लोकायनं हासलं, हासू दे. गेलं त्याचं गेलं. त्याले सांगतलं का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी आतून संत्री मागवून माझ्या पिशवीत भरली आणि रस्त्यापर्यंत सोडायला आले. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते वारले. तेरवीला नामदेव आला होता. जेवणाच्या पंगतीत तो माझ्या समोरच बसला होता. तिथंही मला बोलता आलं नाही.

कॉलेजला पन्नास वर्षं झाली तेव्हा निघालेल्या स्मरणिकेत सरांवर एक लेख आहे. लिहिणाऱ्यानं प्रेमानंच लिहिलं आहे, पण त्यात एक वाक्य आहे की सरांच्या काही कल्पना हवेतल्या असत, आणि ग्रामस्थांनी सहकार्य न केल्यामुळं त्यांचा एक संशोधनप्रकल्प फसला. हा मजकूर मी छपाईआधी वाचला होता. संपादक मंडळावर मी होतो. तो चुकीचा आहे. कल्पना हवेतली नव्हती. ग्रामस्थांना मी घाबरवलं होतं.

मागच्या हिवाळ्यात मी शेवटी नामदेवच्या मळ्यात गेलो. तोही आता थकला आहे. नातू पाहतो सगळं. आम्ही कोथिंबिरीच्या वाफ्याशेजारी धुऱ्यावर बसलो आणि मी सांगितलं. सालदाराच्या नावावरची जमीन, न्हाव्याचा ओटा, लिंबाखालचं वाक्य, सगळं. त्यानं गवताची एक काडी उपटून मोडली. मला वाटलं, आता उठून जा म्हणेल.

"पोट्ट्या," तो म्हणाला, "तेव्हाच सांगतलं असतं तं मी तोच विषय घेतला असता. कायद्यानं कागदावरचं नाव बदललं, तोंडातलं काऊन नाई बदललं?"

आणि मग तो बोलू लागला. आधी सालदाराला भेटलो असतो, म्हणाला. मग आत्याकडं, बीबीला, कारण आपल्या नावावर जमीन आली म्हणून बाईमाणसाला काय वाटतं ते तिलाच विचारावं लागतं. पाटलाला शेवटी, सगळं जमल्यावर. कोणाला काय विचारायचं नाही, तेही त्यानं सांगितलं. कोणतं गाव ताडून पाहायला घ्यायचं, उन्हाळ्याच्या किती दिवसांत काय होईल, आणि काय होणार नाही हे आधीच कबूल करून ठेवायचं. नातू चहा घेऊन आला नि उभाच राहिला. आजोबा कशाबद्दल बोलतायत हे त्याला कळत नव्हतं.

नोकरीच्या शेवटच्या काळात मी अशा विद्यावेतनांच्या निवड समित्यांवर बसलो आहे. अर्जांचे गठ्ठे वाचले, मुलांना प्रश्न विचारले, सह्या केल्या. नामदेवनं धुऱ्यावर बसून तोंडी केला तितका नीट अर्ज माझ्यापुढं एकदाही आला नव्हता. आणि तो मंजूर करायचा अधिकार आता माझ्याकडं नव्हता.