लांडगा उभा होता

हॅनोव्हर मागे पडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. गाडी हायके चालवत होत्या. त्या आमच्या इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहेत. जर्मनमध्ये आम्ही एकमेकींशी एकेरीतच बोलतो, पण आईच्या वयाच्या बाईला मनातल्या मनातसुद्धा ‘अगं’ म्हणणं मला अजून जमलेलं नाही. मागच्या सीटवर त्यांची शिकारी कुत्री आस्ता झोपली होती.

हायकेंनी विचारलं होतं, “शनिवारी ट्राइबर म्हणून येशील का?” ट्राइबर म्हणजे हाकारा घालणारे. जंगलातून ओरडत चालायचं, जनावरं उठवायची आणि ती मचाणांवर बसलेल्या शिकाऱ्यांकडे हाकलायची. मला नाही म्हणता आलं नाही, म्हणून हो म्हटलं.

वाटेत त्या म्हणाल्या, “मागच्या वर्षी याच जंगलात आमच्या गटातला एक कुत्रा लांडग्याने मारला. त्याच्या गळ्यात घंटा होती. ती वाजायची थांबली, तेव्हा आम्हाला कळलं.”

“मग लांडग्याला मारलं?”

“कायद्याने मारता येत नाही. खास परवानगी लागते. आमच्या शिकारी गटाचा यूर्गन आहे ना, त्याची त्यासाठीच खटपट चालली आहे. लांडगा कुत्र्यांवर येतो, हे डोळ्यांनी पाहिलेलं कुणीतरी हवंय.”

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. धुक्यात बर्च झाडांची पांढरी खोडं, सुकलेली हायडे (जांभळ्या फुलांच्या खुरट्या झुडपांचं माळरान) आणि मग काळपट सूचिपर्णी जंगल. मी जुन्नरकडची. आमच्या उसात बिबटे असतात. दिवस मावळताना बांधावर खाली बसायचं नाही, बसलेलं माणूस बिबट्याला सावज वाटतं, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. इथे ऊस नव्हता, तरी मी दाराचं लॉक एकदा दाबून पाहिलं.

जंगलाच्या कडेला शेकोटी पेटली होती. भोवती नारिंगी जाकिटं घातलेली माणसं उभी होती. यूर्गन हे शिकारीचे प्रमुख, सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी माझा हात जोरात दाबला.

“भारतात वाघ असतात. तुला लांडग्याचं काय वाटणार?”

“आमच्या गावाकडे बिबटे आहेत,” मी म्हटलं. “मला त्यांचीही भीती वाटते.”

सगळे हसले. एक दाढीवाला म्हणाला, “यूर्गन फक्त बायकोला घाबरतात.”

“तिला परवान्याशिवाय बंदूक चालवता येते,” यूर्गन म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. “लांडगे आल्यापासून हरणं मोठे कळप करून उघड्यावर उभी राहतात. रात्री जंगलात शिरायला घाबरतात. आमचे कुत्रेही.”

“तोही शिकारीच आहे,” दाढीवाला म्हणाला. “आपल्याला परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागली, त्याला नाही, एवढंच.”

यूर्गननी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

शिंग वाजलं आणि आम्ही रांगेने आत शिरलो. झाडं इतकी दाट की हातभर पलीकडचं दिसेना. बाकीचे ट्राइबर “हॉप, हॉप” ओरडत होते. माझा आवाज फुटेना. सेमिनारमध्ये होतं तेच झालं, तोंड उघडलं आणि नुसती वाफ आली.

डावीकडून हायके ओरडल्या, “मोठ्याने ओरड. तुला रानडुक्कर समजून कुणी गोळी घालेल.”

पुढे आस्ताची घंटा वाजत होती. मी तिच्या मागे मागे गेले. आणि घंटा थांबली.

फांद्या बाजूला केल्या तर समोर छोटी मोकळी जागा होती. आस्ता शेपूट पोटाखाली घालून उभी होती. तिच्यापुढे एक चर आणि चरापलीकडे लांडगा. मला आधी ते कुत्रंच वाटलं. पाय मात्र फार लांब होते, आणि बघणं कुत्र्याचं नव्हतं. तो आस्ताकडे बघत होता. मग माझ्याकडे. माझे गुडघे वाकायला लागले. खाली बसायचं नाही, एवढं आठवलं, आणि घशातून आपोआप निघालं, “हाड! हाड!”

आवाज माझा वाटला नाही. लांडगा वळला आणि घाई न करता झाडांत गेला. आस्ता येऊन माझ्या पायांना चिकटली. ती थरथरत होती की मी, ते मला कळेना.

लांडगा दिसल्याचं मी हायकेंना सांगितलं आणि ते सगळ्यांपर्यंत पोचलं. हाकारा संपल्यावर शेकोटीपाशी वाटाण्याचं सूप होतं. मी मांस खात नाही म्हणून यूर्गननी माझ्या वाडग्यातले सॉसेजचे तुकडे स्वतः काढून टाकले आणि समोर बसले.

“आल्झो, तर मग, तो कुत्रीवर येत होता ना?”

हायके आस्ताच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय ऐकायचंय, ते मला ठाऊक होतं.

“दात दिसत होते?”

खरं सांगते, तोवर माझ्या आठवणीतल्या लांडग्याला दात फुटायला लागले होते. गावाकडे एकदा एका बाईला बिबट्या दिसला होता. तिच्या सांगण्यात सकाळी तो बसलेला होता, दुपारी तो गुरगुरला, संध्याकाळी त्याने झेप घेतली. दुसऱ्या दिवशी पिंजरा लागला. ती बाई खोटारडी नव्हती. घाबरली होती.

“तो उभा होता,” मी म्हटलं. “एवढंच पाहिलं. मी आले नसते तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही.”

“मग थरथरतेस कशाला?”

“भीती वाटली म्हणून.”

यूर्गन उठले आणि सूपच्या पातेल्यावर झाकण ठेवून निघून गेले.

परतताना हायके नजर रस्त्यावर ठेवून गाडी चालवत होत्या. त्या रागावल्या आहेत असं धरूनच मी बसले होते. शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, “आस्ताला पुन्हा जंगलात सोडू का?”

हो किंवा नको, काहीतरी म्हणून त्यांना धीर द्यावासा वाटला.

“मला नाही सांगता येणार,” मी म्हटलं.

“या,” त्या हळूच म्हणाल्या. जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे हो. “मलाही नाही.”

लांडगा वाईट की चांगला, हे ठरवायला मी गेले नव्हते आणि परत येतानाही ते ठरलेलं नव्हतं. त्या माणसांची भीती खरी आहे, एवढं मला माझ्या गुडघ्यांनी सांगितलं. पण तिच्या जोरावर एखाद्या जिवाबद्दल साक्ष देणं मला जमलं नाही. कदाचित उद्या आस्ताला काही झालं, तर ‘तो उभा होता’ या वाक्याचं ओझं माझ्यावर येईल.

कोपऱ्यावर उतरून मी हॉस्टेलकडे चालू लागले. रस्त्यावर दिवे होते, तरी दोनदा मागे वळून पाहिलं. मागे काही नव्हतं. तेही मी नीट पाहून घेतलं.